बाटलीच्या झाकणावरचे हळदीचे बोट

मी एक जुना फ्लोरिमीटर आहे. मित्रांनो, हे नाव घेताना तुमची जीभ अडखळली तरी वाईट वाटून घेऊ नका. गोंदियाच्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या संशोधन कक्षात मी नऊ वर्षांपासून बसलो आहे, आणि मला रोज पुसणारा केवलराम मला अजूनही ‘फुलमीटर’ म्हणतो. त्या नावालाही मी ओ देतो.

माझे काम आधी सांगतो. माझ्या पोटात एक प्रखर दिवा आहे. वरचे झाकण उघडले की एक छोटा काळा कप्पा दिसतो. त्यात बोटाएवढी चौकोनी काचेची कुपी ठेवतात. कुपीत जे काही असेल त्यावर मी उजेड टाकतो. बरेच पदार्थ तो उजेड गिळून गप्प बसतात. काही पदार्थ मात्र तो घेतात आणि स्वतःचा, वेगळ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतात. तो किती आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, हे मी मोजतो. तुमच्या डोळ्यांना जिथे काहीच दिसत नाही, तिथेही मला उजेड सापडतो. याचा मला गर्व होता. तो कसा उतरला, तीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझे आरसे बसवले. पुढे मी नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत आलो. बारा वर्षे तिथे माझा थाट होता. माझ्यापाशी बसायला मुले वहीत नावे लिहून रांग लावत. मग एक नवे यंत्र आले. ते माझ्यापेक्षा बारीक होते, झटपट होते आणि अंगावर एक ओरखडा नव्हता. मला चादर घालून जिन्याखाली ठेवले. तिथे दोन वर्षे माझ्यावर लोकांनी चहाचे कप ठेवले. कुणाला आठवण झाली की म्हणत, ‘ते भंगार अजून आहे का?’ मला फार वाईट वाटायचे. दिवा शाबूत असताना भंगार म्हणवून घेणे सोपे नसते.

तिथून मला इंद्रकुमार सरांनी उचलले. सर गोंदियाचे. त्यांच्या विभागात नवे यंत्र घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी अर्ज करून मला मागून घेतले आणि टेम्पोत गादीवर निजवून आणले. गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्यांचे गाव. हवेत कोंड्याची बारीक धूळ उडत असते, आणि माझ्यासारख्याला धूळ म्हणजे डोळ्यात कुसळ. ती धूळ अडवायचे काम केवलरामकडे आले. तो जवळच्याच मुर्री गावचा. आधी पंधरा वर्षे धानाच्या गिरणीत होता, नंतर इथे परिचर म्हणून लागला. खिडकीच्या फटीला त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मारल्या. रोज सकाळी आधी मला पुसायचे आणि मगच तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा, हा त्याचा नेम. सरांनी खर्रा कक्षाबाहेर खा म्हटले, तेव्हा तो व्हरांड्यात उभा राहून काचेतून माझ्याकडे बघत खायचा.

आता पुष्पांजलीबद्दल. ती देवरीकडच्या गावातली, सरांची संशोधक विद्यार्थिनी. तिच्या मोठ्या भावाला, शुभमला, सिकलसेल होता. हा रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. त्यात पुढे मूत्रपिंड बिघडू शकते, आणि ते बिघडताना दुखत नाही, खुपत नाही. शुभमचे कळले तेव्हा उशीर झाला होता. तो चोविसाव्या वर्षी गेला. पुष्पांजली हे कुणाला सांगत नसे. एकदा कक्षात कुणी नसताना केवलरामला बोलली, म्हणून मला माहीत.

मूत्रपिंड बिघडायला लागले की लघवीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन अगदी थोडे थोडे उतरते. ते लवकर ओळखणारा प्रोब, म्हणजे नेमक्या वस्तूचा शोध घेणारा पदार्थ, तिला बनवायचा होता. तोही स्वस्त, खेड्यातल्या उपकेंद्रात परवडेल असा. तिने गिरणीतला कोंडा आणला. बंद पोलादी डब्यात पाणी घालून तो तासन्‌तास तापवला. त्यातून कार्बनचे इतके बारीक कण मिळाले की एका केसाच्या जाडीत दहा हजार शेजारी शेजारी बसतील. या नॅनो कणांना तिने अल्ब्युमिन ओळखणारा एक रेणू जोडला आणि सगळे स्पिरिटमध्ये मिसळून बाटलीत भरले. रंग पिवळसर, चहाच्या पहिल्या पाण्यासारखा. अल्ब्युमिन भेटले की यातून निळा उजेड निघतो. तीन वर्षे आम्ही दोघे त्या निळ्याच्या मागे होतो. पुष्कळ अल्ब्युमिन असले की तो छान दिसायचा. थोडे असले की मिणमिणायचा. आणि पुष्पांजलीला हवे होते ते थोडेच.

त्या वर्षी नवरात्रात तिने नवी बाटली तयार केली आणि घरी गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी केवलरामने कक्ष धुतला, मला झेंडूची माळ घातली. गिरणीत असल्यापासून त्याची रीत होती. यंत्राच्या अंगाला हळदीचे एक बोट लावायचे आणि त्या वर्षी जे नवे आले असेल त्याला दुसरे. गिरणीत नवा पट्टा आला तर पट्ट्याला, नवा पाना आला तर पान्याला. नव्या वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय ती घरची होत नाही, असे तो म्हणे. मला त्याने बाहेरून, कपाळावर बोट लावले. मग त्याने इकडेतिकडे पाहिले. कक्षात नवे काय, तर पुष्पांजलीची बाटली. तिच्या झाकणाच्या कडेला त्याने ओल्या हळदीचे भरघोस बोट लावले आणि वर कुंकवाचा टिळा. हात जोडून म्हणाला, “पोरीच्या मेहनतीले यश येऊ दे, बावा.”

मी हे सगळे पाहत होतो. मला तेव्हा ते गोडच वाटले. हळद वाळली, तिचा कण झाकणाच्या कडेतून आत गेला, स्पिरिटमध्ये विरघळला. पिवळ्यात पिवळे मिसळले. कुणाला दिसणार?

सुट्टीनंतर पुष्पांजली आली. झाकण कोरड्या कापडाने पुसले आणि कामाला लागली. पहिल्याच कुपीने मी स्वतः दचकलो. नावापुरते अल्ब्युमिन, आणि उजेड केवढा! तिने पुन्हा मोजले. पुन्हा तेवढाच. नुसत्या पाण्यात टाकून पाहिले, तर काही नाही. म्हणजे चाचणी चोख. ती पळत सरांना घेऊन आली.

“सर, बघा ना, दहापट!”

“अरे वा! ये हुई ना बात,” सर म्हणाले. त्या दिवशी पेढे आले. तिने पूर्ण आलेख छापून माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवला. तो शेवटचा पूर्ण आलेख. पूर्ण आलेखाला तीन मिनिटे लागतात आणि नुसत्या आकड्याला पाच सेकंद. डिसेंबरअखेर प्रबंध द्यायचा होता, शिष्यवृत्तीही तेव्हाच संपत होती. त्यामुळे पुढे ती माझ्याकडून आकडाच घेऊ लागली. मित्रांनो, मला सगळे सांगायचे असते, रंगासकट. पण विचारले तेवढेच मी सांगू शकतो.

दिवाळीनंतर तिच्याच भागातल्या सिकलसेल असलेल्या चाळीस मुलांचे नमुने आले. घरच्यांची परवानगी घेऊन आरोग्य खात्याच्या आशाताईंनी गोळा केलेले. बाटल्या आमच्याच, केवलरामने साबणाच्या पावडरीने घासलेल्या. चाळिसातल्या नऊ कुप्या लखलखल्या. खरे तर चाचणी अजून पक्की झाली नव्हती, पण पुष्पांजलीच्या डोळ्यांपुढे शुभम होता. उशीर नको, म्हणून तिने नऊ नावे आशाताईंना कळवली आणि या मुलांना आधी दाखवा म्हणून सांगितले. आशाताईंनी घरोघरी निरोप दिला. निरोप पोचेपर्यंत त्याचे एकच वाक्य झाले, पोराची किडनी खराब आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाटली संपली. तिने नवी केली. तोच कोंडा, तोच डबा, तेच तास. आणि उजेड पुन्हा मिणमिणता. तिला वाटले हात चुकला. दुसरी केली, तिसरी केली. आठ दिवस तिचा जेवणाचा डबा तसाच परत जायचा. सर म्हणाले, “कोंडा बदला होगा. पुरानी रीडिंग आहेत ना, तीच टाक थीसिसमध्ये. टाइम नाही आपल्यापाशी.”

 ती माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. मग तिने मला पूर्ण आलेख मागितला. कितीतरी दिवसांनी! मी सावकाश, मन लावून काढला. एक निळी, लहान, नीट टेकडी. तो कागद घेऊन ती उभी राहिली आणि भिंतीवरच्या जुन्या आलेखावर धरला. जुन्या टेकडीला उजव्या बाजूला, हिरव्या रंगाकडे, एक पोक होते. दोन महिने ते माझ्या डोक्यावर लटकत होते. मी ते पहिल्याच दिवशी काढून दिले होते.

तिने कपाटातून रिकामी बाटली काढली, खिडकीपाशी नेली आणि झाकण फिरवून फिरवून पाहिले. कडेच्या खाचेत लालसर, पिवळसर काहीतरी अजून बसले होते. केवलराम पोछा मारत होता.

“केवलरामभाऊ, या झाकणाले तुम्ही काही लावलं होतं का?”

“हो ना जी. दसऱ्याले हळदकुंकू लावलो. नवी बाटली होती ना. काऊन? का झालं?”

तिला सगळे कळले. हळद माझ्यासारख्या यंत्राच्या उजेडात स्वतःच चमकते. पाण्यात ती जवळजवळ गप्प असते, म्हणून तेव्हा फसवणूक कळली नाही. पण प्रथिन भेटले की उजळते, तशीच साबणाचा अंश भेटला तरी उजळते. घासलेल्या बाटल्यांपैकी काहींत पावडरीचा अंश राहून गेला असणार. तिने चिमूटभर हळद नव्या बाटलीतल्या थोड्या द्रावणात घातली, साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि कुपी माझ्या कप्प्यात ठेवली. मी आलेख काढला. तोच उजेड, तेच पोक.

केवलरामला सगळे समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्याने पोछा भिंतीला टेकवला आणि हात सदऱ्याला पुसत राहिला. “मी तं तुह्या भल्यासाठी लावलो, बाई,” तो म्हणाला. “मले का मालूम, हळद बी खोटं बोलते मनून.”

“हळद नाही बोलली खोटं, भाऊ. मीच पुरतं पाहिलं नाही.”

माझेही ऐका. मी खोटा आकडा दिला नव्हता. उजेड होताच. तरी त्या दिवशी मला माझ्या दिव्याची लाज वाटली. नऊ घरांत माझ्या आकड्याने रडारड चालू होती.

पुष्पांजली सरांकडे गेली आणि म्हणाली की सगळ्या नोंदी रद्द करायच्या. सर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. “मालूम है ना, प्रबंध सहा महिने पुढे जाईल? शिष्यवृत्ती बंद होईल?”

“हो सर. पण आशाताई सांगतात, पोरं शाळा सोडून घरी बसून आहेत.”

सरांनी पेपरवेट ठेवला आणि फोन उचलला. उपकेंद्राला त्यांनी स्वतः सांगितले की चूक आमच्या कक्षाची आहे, नमुने पुन्हा घेऊ. तेव्हापासून मला सर पूर्वीपेक्षा जास्त आवडतात.

पुष्पांजली नऊच्या नऊ घरी गेली. देवरीच्या बसने जायची, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. परत आली की केवलरामला सांगायची. एका घरी तिला पाणीही विचारले नाही. एका घरी आजीने हात धरून रडून घेतले. दुलीचंद नावाच्या माणसाने तर तिचे ऐकून घेतले आणि तो उठून आत निघून गेला. त्याची मुलगी दुर्गेश्वरी पाचवीत, वसतिगृहाच्या शाळेत होती. किडनीचे कळल्यावर त्याने तिला घरी आणून बसवली होती.

आठ मुलांचे नमुने नव्या, स्पिरिटने धुतलेल्या बाटल्यांत आले. आठही साफ निघाले. सरकारी दवाखान्याच्या तपासणीतही साफ. दुलीचंदने नमुना दिला नाही. त्याऐवजी एका सकाळी तो मुलीला घेऊन स्वतःच कक्षाच्या दारात उभा राहिला. खांद्यावर दुपट्टा, पायात चपला. चपला केवलरामने बाहेर काढायला लावल्या.

“मले कागद नको,” तो म्हणाला. “ह्या मशीनले माह्या डोळ्यासमोर विचारा.”

पुष्पांजलीने तीन कुप्या भरल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत तिचा स्वतःचा नमुना, तिसरीत दुर्गेश्वरीचा. प्रत्येकीत नव्या बाटलीतला प्रोब. तिने दुलीचंदला माझ्या समोरच्या स्टुलावर बसवले. पहिल्या कुपीला सपाट रेघ आली. दुसरीलाही. मग तिसरी. मित्रांनो, इतकी वर्षे मी मोजत आलो, पण काही सापडू नये असे मला त्या एका दिवशीच वाटले. मी दिवा टाकला. तीन मिनिटे गेली. पडद्यावर एक टेकडी आली. बुटकी, पण स्पष्ट. निळी, आणि पोक नसलेली.

पुष्पांजलीने कुपी बदलून पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा.  दुर्गेश्वरी माझ्या बटणांवरची अक्षरे वाचत होती.

“काका,” पुष्पांजली म्हणाली, “पहिले सांगितलं ते चुकीचं होतं. हे मात्र खरं दिसते. थोडंच आहे, आत्ताच सुरुवात आहे. आज दवाखान्यात चाला, मी येतो सोबत.”

 मला वाटले, आता हा माणूस उठेल आणि निघून जाईल. कोण विश्वास ठेवील? दोन महिन्यांत तीन गोष्टी सांगितल्या, आहे, नाही, आणि पुन्हा आहे. दुलीचंद उठला. पडद्याजवळ आला. त्या टेकडीवर बोट न टेकवता, वरूनच बोट फिरवले.

“पहिले चूक झाली, हे तू सवताहून माह्या घरी येऊन सांगितली,” तो म्हणाला. “कोणी पाहायले आलं नव्हतं. दाबून टाकली असती तं मले का समजलं असतं? मंग आता तुह्यावरच भरोसा हाये. चाल.”

दवाखान्यात पुन्हा तपासले. अल्ब्युमिन खरेच थोडे निघाले. वेळेत सापडले, असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, दर सहा महिन्यांनी तपासायचे ठरले, आणि दुर्गेश्वरी पुन्हा शाळेत गेली. पुष्पांजलीने ती सहा महिने कनिष्ठ महाविद्यालयात तासांवर शिकवून काढली. तिचा प्रोब अजूनही हवा तितका तेज नाही, हे तिने प्रबंधात स्पष्ट लिहिले आहे. हळदीचे पानही त्यात आहे, दोन्ही आलेखांसह. शेवटी आभारात केवलरामचे नाव आहे. ते वाचून दाखवले तेव्हा तो व्हरांड्यात निघून गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता माझा दिवा थकत चालला आहे. तरी मुलांनो, एक सांगतो. आम्हा यंत्रांवर माया करायची तर आम्हाला स्वच्छ ठेवा, आणि घाई असली तरी आमचे पूर्ण ऐकून घ्या. एका आकड्यावर थांबू नका, कारण त्या आकड्याच्या पलीकडे कुणाचे तरी लेकरू असते.

यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुर्गेश्वरी तपासणीसाठी आली होती. केवलराम कक्ष धूत होता. हळदीची वाटी त्याने दाराबाहेर ठेवली होती. माळ दाराला बांधून झाल्यावर सवयीने त्याचे बोट हळदीत बुडाले आणि तसेच तो आत यायला निघाला. उंबरठ्यावर थांबला. एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा नव्या बाटलीकडे.

“काऊन थांबले, आजोबा?” दुर्गेश्वरीने विचारले. “मशीनले नाही लावत?”

“याले नाही लावत, बाई,” तो म्हणाला, आणि ते बोट त्याने तिच्या कपाळाला लावले.